गुंठ्यातले ऊस मोजतो, तशी देवराई मोजली



पत्रिकेत शेती खात्याचे पान आले, की आपण ओळखताच. आता बेणे बदला, पाचट जाळू नका, हुमणीचे भुंगेरे गोळा करा, असे काहीतरी निघणार. ते सगळे सांगायचे आहेच, पण पुढच्या अंकी. या खेपेचा विषय जरा डोंगरातला आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या एका चुकीपासून झाली, म्हणून ती आधी कबूल करून टाकतो.

आपल्या कार्यक्षेत्राच्या वरच्या अंगाला, अगदी डोंगराच्या कुशीत काही गावे आहेत. ऊस थोडा, भात आणि नाचणी जास्त. त्यातल्या एका गावाला गेल्या उन्हाळ्यात आम्ही आडसाली लागणीच्या नोंदी घ्यायला गेलो होतो. गावाला पाचेक एकरांची देवराई आहे. मधोमध देवाचे ठाणे, खालच्या अंगाला झरा. त्या झऱ्यावर गावची पाण्याची टाकी भरते आणि खालच्या तीन-चार सभासदांच्या विहिरी टिकून राहतात. गावाने ठाण्यापुढे सभामंडप बांधायचे मनावर घेतले होते. पैसा कमी पडत होता. तेव्हा राईतली बारा जुनी झाडे विकावीत, त्यात खर्चाचा बराचसा भाग भागेल, आणि मोकळ्या जागेत नर्सरीतून आणून नवी रोपे लावावीत, असा बेत ठरत आला होता. झाडांना चुन्याच्या खुणाही झाल्या होत्या. परवानग्यांचा भाग वेगळा. तो व्हायचा होता.

चहा घेता घेता मंडळींनी विचारले, "साहेब, तुम्ही शेतकी शिकलेले. रान भरलेलं आहे का नाही? बारा झाडांनी काय होतंय?" आम्ही रस्त्यावरूनच राईकडे पाहिले. काळीभोर, दाट, आत ऊन दिसेना. म्हटले, "काही होत नाही. रान चांगलं दाट आहे." मंडळी खूश झाली. आम्ही मोटारसायकलला किक मारून निघून आलो.

रात्री मात्र चैन पडेना. कारण, बघा, हेच जर कुणी सभासद उसाबद्दल म्हणाला असता, तर आम्ही त्याला सोडला नसता. बांधावरून फड पाहून टनेज सांगणारे पुष्कळ भेटतात. कडेच्या सरीला ऊन-वारा भरपूर, तिथला ऊस नेहमी जोरकस. आत दहा सऱ्या गेलात की तुटाळी दिसायला लागते. म्हणून आमचा चिटबॉयसुद्धा आत शिरून, गुंठाभर मोजून, मगच आकडा टाकतो. गुंठ्यात हजार ऊस, म्हणजे एकरी चाळीस हजार; अडीच किलोचा एक धरला की शंभर टन. हा हिशेब आपल्याकडच्या पोरासोरांना पाठ आहे. मग शेकडो वर्षांच्या राईचा अंदाज आम्ही रस्त्यावरून, हातात कपबशी धरून कसा काय दिला?

आठ दिवसांनी दोरी, शिंप्याचा टेप आणि वही घेऊन परत गेलो. सरपंचांना स्पष्ट सांगितले, की परवा बोललो ते न बघता बोललो, आता बघून बोलू.

दोरी, टेप आणि चार माणसे

जंगल मोजणे म्हणजे काही मोठी यंत्रे लागतात अशी समजूत आहे. ती चूक आहे. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मीटरमध्ये सांगायचे तर जवळजवळ दहा बाय दहा. देशाच्या जंगलांची मोजणी करणारी फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया ही सरकारी संस्था आपल्या पाहणीत दशांश हेक्टरचे, म्हणजे दहा गुंठ्यांना थोडे कमी असे तुकडे घेत आलेली आहे. आपल्या पाच एकरांना एकेक गुंठ्याचे तुकडे पुरतात, पण ते राईभर विखरून घ्यावेत. आणि जागा आपल्या आवडीने निवडायची नाही. जागा निवडायला लागलात, की पाय आपोआप सावलीच्या मोठ्या झाडाकडे वळतात. आम्ही ठाण्यापासून सरळ रेषा धरली आणि दर साठ पावलांवर खुंटी मारली. खुंटी जिथे पडली तिथेच चौकट, मग तिथे काटेरी जाळी असो की ओढ्याची घळ. असे आठ तुकडे झाले.

चौकटीतल्या प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा. तो मनाला येईल तिथे नाही, तर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर. माणसाच्या छातीची उंची असते ती. बुंध्याशी मोजले तर मुळांच्या फुगवट्यामुळे घेर उगाच वाढतो. उतारावर झाड असेल तर वरच्या अंगाने उभे राहून उंची धरायची. साडेचार फुटांच्या खालीच दोन फांगडे फुटले असतील तर दोन झाडे लिहायची, वर फुटले असतील तर एक. टेप आडवा आणि ताठ धरायचा, वेल खाली दाबला जाऊ द्यायचा नाही. नियम एवढेच, पण सगळ्यांनी ते सारखे पाळले पाहिजेत. नाहीतर पाच वर्षांनी दुसऱ्याने मोजले, की झाड वाढले का टेप घसरला हेच कळायचे नाही.

उंचीसाठी एक जुनी युक्ती आहे, पोरांना फार आवडली. आपला हात पुढे ताठ केला की डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी ठेवायची. मग मागे मागे सरकत जायचे. मुठीवर बुंधा आणि काठीच्या टोकावर शेंडा बसला, की थांबायचे. तिथून झाडापर्यंतचे अंतर मोजा, तीच झाडाची उंची. सपाटीवर ही युक्ती चांगली चालते, चढाला फसवते.

सावली मोजायला आम्ही पाण्याच्या पाईपचा वीतभर तुकडा नेला होता. दोरीच्या कडेने चालायचे, प्रत्येक पावलाला नळीतून सरळ वर बघायचे, पान दिसले की 'पान', आभाळ दिसले की 'आभाळ'. शंभर पावलांत पाने किती, तेवढे टक्के छत्र. फॉरेस्ट सर्व्हेच्या अहवालात सत्तर टक्क्यांच्या वरचे ते अतिदाट, चाळीस ते सत्तर मध्यम, दहा ते चाळीस विरळ, अशी प्रतवारी असते. आपली राई अतिदाटात बसली. म्हणजे रस्त्यावरून आम्ही बोललो होतो ते एका अर्थी बरोबर निघाले म्हणायचे. पण तिथेच खरी मेख आहे.

उपग्रहाला वरून दिसते ते छत्र. १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या जंगलांचा अहवाल निघतो, त्यात एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असले की ती जागा वनाच्छादनात धरतात. मालकी कुणाची, झाड कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. निलगिरीचा फड असो की सहाशे वर्षांची राई असो, वरून दोन्ही हिरवेच. देशाचा हिशेब ठेवायला हे ठीकच आहे, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण आपल्या राईला दवाखान्यात न्यायचे का नाही, हे छपरावरून कळत नाही. आत जाऊन जोत्याशी बघावे लागते.

जेठे कोंब भरदार, फुटवेच नाहीत

आठ चौकटी भरायला दोन दिवस लागले. वहीत घेराप्रमाणे चार रकाने केले होते. वीतभर रोपापासून माणूसभर उंचीपर्यंतची रोपे एकात. मग दोन फूट घेरापर्यंतची पोरसवदा झाडे. मग दोन ते सहा फूट. आणि सहा फुटांच्या वरची म्हातारी.

मिश्र वयाचे जे रान आपोआप चालू राहते, त्यात रोपे पुष्कळ, पोरसवदा त्याहून कमी, मधली आणखी कमी आणि म्हातारी मोजकी, अशी उतरती भाजणी असते. हे १८९८ साली लिओकूर नावाच्या फ्रेंच वनाधिकाऱ्याने आकड्यांनी मांडून दाखवले. एका घेरवर्गातून पुढच्यात जाताना संख्या ठरावीक पटीने घटत जाते, असे त्याचे म्हणणे. आपल्या गडीमाणसाला हे सांगायला आकडे नकोत. शंभर कोंब फुटतात, त्यातले गाळपाला येतात ते निम्मेच.

आपल्या वहीत काय निघाले? म्हातारी झाडे जवळजवळ प्रत्येक चौकटीत होती, ऐसपैस, ज्यांना कवेत घ्यायला दोन माणसे लागावीत अशी. दोन ते सहा फुटांची बऱ्यापैकी. वीतभर रोपेही मोकळ्या ठिकाणी दिसली, जांभळाची आणि अंजनीची तर गालिच्यासारखी. पण कमरेएवढे रोप ते दोन फूट घेराचे झाड, हा मधला रकाना जवळजवळ कोरा! आठ गुंठ्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाडे. आम्हाला वाटले पोरांनी लिहायचे सोडले. परत फिरून पाहिले, तर खरोखरच नव्हती. उसाच्या भाषेत सांगायचे, तर जेठे कोंब भरदार आणि फुटवेच नाहीत. असला फड यंदा दिसायला सुंदर दिसतो, पुढे काय, ते आपण जाणता.

कारण शोधायला गेलो तर तीन निघाली. एक तर घाणेरी. झाड पडून जिथे उजेड आला होता, तिथे नेमकी तिची जाळी माजलेली, आणि खाली एक रोप नाही. दुसरे, शेळ्या. त्याबद्दल फार लिहीत नाही, शेळीवाल्यांनीही हे पान वाचायचे असते. तिसरे कारण मात्र आमच्या डोक्यातही आले नव्हते.

आमच्याबरोबर एक ऐंशीच्या घरातले सभासद फिरत होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवून आम्ही म्हटले, "आबा, या राईत तर कोयता लावत नाहीत ना?" आबा म्हणाले, "छ्या! फांदीला हात लावायची छाती नाही कुणाची." थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "जत्रेच्या मांडवाच्या मेढी तेवढ्या न्हेतो. त्या देवाच्याच कामाच्या. सरळसोट, मनगटाएवढ्या, कुठं मांडीएवढ्या. वीस-पंचवीस लागतात दरसाल."

दरसाल वीस-पंचवीस. आणि आबांच्या आज्यापासून. म्हणजे ज्या झाडांनी पुढे म्हातारे व्हायचे होते, त्यातली सरळ वाढलेली, सशक्त झाडे दरवर्षी निवडून निवडून नेली जात होती, आणि ज्याचा धाक होता ते म्हातारे झाड उभे होते. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण मोजल्याशिवाय हे कुणालाच दिसले नसते, कारण मेढीएवढे झाड गेल्याने छत्रात भोक पडत नाही.

आता त्या बारा झाडांचा हिशेब पुन्हा करून बघा. मागून येणारी भरती असती, तर बारा म्हातारी गेल्याने रान मोडले नसते. इथे त्यांची जागा घ्यायला कुणी उभेच नाही. आणखी एक गोष्ट. घेर तिप्पट झाला की बुंध्याचा छेद नऊपट होतो. म्हणजे सहा फूट घेराचे एक झाड दोन फुटी नऊ झाडांएवढी जागा धरून असते. असे एक पडले की वर केवढे आभाळ उघडते, आणि उघडलेल्या आभाळाखाली या राईत काय येते, तर घाणेरी. नर्सरीतली रोपे लावून हे भरून निघेल असे आम्हीही एके काळी म्हणत होतो. कारखान्याच्या गट ऑफिसांतून आम्ही जी रोपे वाटली, त्यात एकाच दोन जाती जास्त होत्या हेही आज लिहून ठेवतो.

चार काठ्यांचा साहेब आणि गावकीचे जंगल

झाडे मोजून मगच तोड ठरवायची, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १८५६ साली ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगू भागात सागाच्या जंगलांवर नेमला गेला. इंग्रजांना साग हवा होता, आणि व्यापाऱ्यांची तोड बेफाम चालली होती. जंगलात किती साग उभा आहे हे कुणालाच माहीत नव्हते. ब्रँडिसने काय केले, तर डाव्या हातात बांबूच्या चार काठ्या धरल्या, घेराच्या चार वर्गांच्या. वाटेने जाताना दिसेल त्या सागासाठी त्या त्या काठीवर चाकूने एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या. दुसऱ्या वर्गाचे झाड पहिल्या वर्गात जायला चोवीस वर्षे लागतात असा त्याने हिशेब काढला, आणि म्हणून पहिल्या वर्गातल्या झाडांचा दरसाल चोविसावा भागच तोडायचा असे ठरवले. हाच माणूस १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या जंगल खात्याचा पहिला मुख्य झाला. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी गावांचे हक्क कसे गेले, तो इतिहास वेगळा आणि कडू आहे. पण चार काठ्यांची युक्ती आम्हाला आवडली. आमचा चिटबॉय काय वेगळे करतो?

त्याहून आपल्या जवळचे उदाहरण स्वित्झर्लंडातले आहे. तिथे कूवे नावाच्या गावाचे स्वतःच्या मालकीचे, गावकीचे जंगल आहे. १८९० पासून बिओले नावाच्या वनाधिकाऱ्याने ते मोजायला घेतले. नमुन्याचे तुकडे नाहीत, ठरावीक जाडीच्या वरचे एकूण एक झाड. आणि काही वर्षांनी पुन्हा, पुन्हा. हिशेबाची रीत अशी, की अखेरची शिल्लक अधिक मधल्या काळातली तोड, वजा सुरुवातीची शिल्लक, म्हणजे रानाची वाढ. आपल्या साखरेच्या गोडाऊनचा हिशेब याहून निराळा नाही. अखेरचा साठा अधिक विक्री, वजा आरंभीचा साठा, म्हणजे उत्पादन. वार्षिक सभेत ताळेबंद बघताना एक पोते कमी आले तर आपण हात वर करून उभे राहता. जंगलाचा ताळेबंद मात्र कुणी मागत नाही. कूवेकरांनी तो मागितला, आणि वाढीवरून पुढची तोड ठरवत गेले. एका दमात सगळे कापायचे आणि एका दमात सगळे लावायचे, हे सोडून लहान-मोठी झाडे एकत्र वाढवणारे रान त्यांनी तयार केले.

आपल्या राज्यातही गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू कधी आणि किती तोडायचा हे तिथे ग्रामसभा ठरवते. ते गाव गोंडांचे, रान वेगळे, व्यवहार वेगळा. पण आपण जे ठरवणार ते आपल्याला माहीत असले पाहिजे, हा धडा तिथूनही मिळतो.

नावे किती, आणि प्रत्येकाची घरे किती

ब्रँडिसच्या काठ्यांत एक उणीव होती. तो मोजत होता फक्त साग. बाकीचे रान त्याच्या काठीवर उमटलेच नाही. आपल्याला मात्र जाती मोजायच्या होत्या.

झाडाचे नाव सांगायला आमचा डिप्लोमा फारसा कामी आला नाही. कामी आल्या त्या गुरे राखणाऱ्या एक आजी. सालीला नख लावून, पान चुरगळून, वास घेऊन नाव सांगायच्या. हिरडा, बेहडा, कुंभा, नाणा, किंजळ, पिसा, गेळा, असाणा, सातवीण. जी दोन पाने त्यांनाही ओळखेनात, ती वर्तमानपत्रात दाबून तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नेली. पहिल्या चौकटीत प्रत्येक झाड नवे नाव घेऊन येत होते. चौथ्या-पाचव्या चौकटीत नवी नावे एखाददुसरीच. शेवटच्या दोन चौकटींत एकही नाही. तिथे आम्ही थांबलो. पुरेसे मोजले का, हे ठरवायची हीच साधी खूण आहे.

पण नुसती नावे मोजून भागत नाही. समजा दोन राया आहेत. दोन्हींत शंभर झाडे, दोन्हींत दहा जाती. एकीत प्रत्येक जातीची दहा-दहा झाडे. दुसरीत एकाच जातीची एक्क्याण्णव, आणि बाकी नऊ जातींचे एकेक. कागदावर दोघींचे 'दहा जाती' असेच येईल. आता डोळे मिटून एका झाडाला हात लावा, मग पुन्हा डोळे मिटून हात लावा. दोन्ही वेळा एकच जात हाताला लागण्याची शक्यता पहिल्या राईत शंभरात दहा, दुसरीत शंभरात त्र्याऐंशी. सिम्पसन नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ही रीत सांगितली. विविधता मोजायच्या पुष्कळ रीती आहेत, पण ही बांधावर उभे राहून समजते.

ऊसवाल्याला तर हे दुसऱ्याने सांगायलाच नको. आपल्याकडे एके काळी जिकडे तिकडे को ७४० होता, आणि काणीने त्याच्या नाकी नऊ आणले. उत्तर प्रदेशात को ०२३८ ही जात उतारा देते, टनेज देते, म्हणून बहुतेक सगळ्या क्षेत्रावर पसरली, आणि मग लाल कुजेने, ज्याला आपण रेडरॉट म्हणतो, तिने तिथल्या शेतकऱ्यांना केवढे रडवले हे आपण वाचले असेल. नोंदवहीत जातींची नावे दहा असतील, पण नव्वद टक्के क्षेत्र एकीचे असेल तर ती विविधता कागदावरची. आपल्या कार्यक्षेत्रात आज को ८६०३२ किती टक्के आहे हे ज्याने त्याने मनाशी आठवून पाहावे. विषयांतर झाले, पण ते मुद्दाम केले.

राईत चुन्याची खूण केलेल्या बारा झाडांपैकी चार झाडे अशी निघाली, की त्या जातीचे दुसरे झाड आम्हाला अख्ख्या राईत सापडले नाही. चौकटी सोडून सगळीकडे हिंडलो तरी. त्यातला एक धूप. त्याच्या डिंकाचा धूप ठाण्यावर जळतो. आजी म्हणाल्या, "ह्यो गेला तर देवापुढं उदबत्ती लावायची का इकत आणून?" तिथे उभी असलेली मंडळी हसली, पण खूण करणारा पोरगा खाली मान घालून उभा राहिला. बिचाऱ्याची चूक नव्हती. त्याने जाडी बघून खुणा केल्या होत्या.

एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. एका रानाचा आकडा दुसऱ्या रानाला लावू नये. पनामा देशातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १९८० च्या सुमारास पन्नास हेक्टरांत बोटाएवढ्या झाडापासून सगळी झाडे मोजली, तेव्हा जाती निघाल्या तीनशेच्या आसपास. तामिळनाडूत मुदुमलाईच्या पानगळीच्या जंगलात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये तेवढ्याच क्षेत्रात तशीच मोजणी सुरू केली, तिथे सुमारे सत्तर. म्हणून मुदुमलाई नापास होत नाही. तिथला पाऊस, वणवे, हत्ती वेगळे. माळावरच्या मुरमाड रानाची एकरी शंभर टनांशी बरोबरी केली तर मालक बिचारा वेडा होईल. रानाची तुलना त्याच रानाच्या मागच्या मोजणीशी करायची. म्हणून तर पुन्हा मोजायचे.

देवरायांचा आपल्याकडे शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांची नोंद केली, आणि १९७६ मध्ये त्यावर निबंध छापला. भोवतीचे रान गेल्यावरही काही झाडे या रायांतच उरली आहेत हे त्यांनी दाखवले. आपल्या पत्रिकेच्या वाचकांना याचे अप्रूप वाटू नये, कारण आपण ज्या कृष्णेच्या पाण्यावर ऊस करतो ती महाबळेश्वराच्या जांभूळ-अंजनीच्या रानातूनच येते.

गावची बैठक

वही घेऊन गावच्या बैठकीत बसलो. बोललो कमी, एका मोठ्या कागदावर चार खांब काढले होते, रोपे, पोरसवदा, मधली, म्हातारी. दुसरा खांब नुसती रेघ. तो कागद भिंतीला लावला. बराच वेळ कुणी बोलेना.

मग जे व्हायचे ते झाले. मंडपासाठी मोठी देणगी कबूल केलेले एक तरुण सभासद उखडले. "म्हणजे मंडप नकोच का? कागदावरच्या रेघेसाठी देवाला उन्हात ठेवायचं?" एकाने आम्हालाच ऐकवले, की साहेबांनी उसातच लक्ष घालावे. आम्ही म्हटले, लक्ष उसातच आहे, खालच्या विहिरी त्या झऱ्यावर आहेत. झाडे गेली की झरा आटतोच असे आम्ही म्हणत नाही, ते सांगायला झऱ्याचे पाणीही वर्षानुवर्षे मोजावे लागेल. पण पाचोळ्याने झाकलेली, मुळांनी भुसभुशीत झालेली जमीन पाऊस जिरवते, आणि उघडी, तुडवलेली जमीन तो वाहून घालवते, हे आपल्या बांधालाही दिसते.

शेवटी आबा उठले. त्यांनी जास्त काही सांगितले नाही. एवढेच म्हणाले, की मेढी मीच तोडायचो, पन्नास वर्षं. औंदापासून मांडव बांबूचा नाहीतर पायपाचा करा.

ठरले ते असे. झाडे विकायचा बेत रद्द नाही, पण पुढच्या मोजणीपर्यंत थांबवला. मंडप राईच्या बाहेर, जुन्या खळ्याच्या जागेवर, थोडा लहान करायचा. एका सभासदाने शेजारची दोन गुंठे जागा द्यायचे कबूल केले. राईचा निम्मा भाग शेळ्यांना तीन वर्षे बंद. घाणेरी एकदम उपटायची नाही. वर्षाला एक तुकडा, मुळासकट, आणि तिथे राईतलेच बी-रोप येऊ द्यायचे, बाहेरचे नाही. वाळून उभे राहिलेले झाडही पाडायचे नाही, त्याच्या ढोलीत पाखरे राहतात. जत्रेच्या वेळी पाचोळा गोळा करून जाळायची जी पद्धत आहे, ती ठाण्याच्या अंगणापुरतीच ठेवायची. देणगीवाले तरुण सभासद अजून पूर्ण राजी नाहीत. पण परवा गट ऑफिसला आले होते, तेव्हा त्यांनी टेप मागून घेतला. खूण केलेली बाराही झाडे त्यांना स्वतः मोजायची आहेत म्हणे.

आठही चौकटींच्या कोपऱ्यांना दगड पुरून ठेवले आहेत आणि झाडांना खिळा न मारता रंगाचे आडवे पट्टे दिले आहेत, बरोबर साडेचार फुटांवर, म्हणजे पुढच्या माणसाचा टेप तिथेच बसेल. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आहे, एक आमच्याकडे. पुढची मोजणी पाच वर्षांनी, पण कोरा रकाना भरतो का हे पाहायला दर दिवाळीनंतर दोन चौकटी बघून यायचे ठरले आहे.

ज्या सभासदांच्या गावी देवराई, गायरानातले रान किंवा मालकीचे जंगल आहे आणि मोजायची इच्छा आहे, त्यांनी आपल्या गट ऑफिसला नाव द्यावे. पानगळीची झाडे ओळखायला पाने असताना मोजणे सोपे, म्हणून पावसाळा संपून तोडणी प्रोग्रॅम लागण्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस बरे. आम्ही दोरी, टेप आणि छापील तक्ते घेऊन येऊ. गावाने चार माणसे द्यावीत, त्यात झाडांची नावे जाणणारे एक जुने माणूस असावे, आणि येताना प्रत्येकाने पायात बूट घालावेत. परवा आमच्या चिटबॉयला चपलेत बिब्ब्याचा चीक लागला, तो आठ दिवस रजेवर होता.